मेश्राम सिस्टरांचा बेड चार

मेश्राम सिस्टर कशालाही हात लावण्याआधी आपले हात ऊन करून घ्यायच्या. समोर चहाचा कप असला तर कपाभोवती तळवे धरून, नसला तर तळव्यावर तळवा घासून. मग ते तान्हं मूल असो, दाराची कडी असो, नाहीतर भाजीच्या दुकानातला टोमॅटो. मस्कतमधल्या अल खौदच्या त्या दुमजली घरात आम्ही तळमजल्यावर राहायला आलो, तो जून महिना होता. अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली. मी फ्रिजचं एक टोक धरून घामानं निथळत होतो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक ठेंगणी, सावळी, केस पिकायला लागलेली बाई उभी राहून हात चोळत होती. मला वाटलं, बाईंना थंडी वाजून ताप येतोय. बायकोच्या, म्हणजे अनघाच्या, कानात मी तसं म्हटलंही. तेवढ्यात त्या खाली उतरल्या, आमच्या ईराच्या दोन्ही गालांना तळवे लावले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, फ्रिज आडवा करून राहिले तुम्ही. त्याचं ऑइल चढते. मग बसा बिनपाण्याचे."

मी एअर कंडिशनर विकणाऱ्या कंपनीत आहे. अशी यंत्रं आडवी करू नयेत, हे मी लोकांना सांगतो आणि त्याचा पगार घेतो. तरी मी फ्रिज सरळ केला आणि "हो सिस्टर" म्हणालो. पुढच्या सगळ्या वर्षांत त्यांच्याशी झालेलं माझं निम्मं बोलणं या दोन शब्दांत मावेल.

त्या नागपूरच्या. नर्सिंग करून मस्कतला आल्या तेव्हा त्यांचा मुलगा राहुल अजून रांगायलाही लागला नव्हता. नवरा अपघातात गेलेला. मूल आईच्या ओटीत घातलं आणि विमानात बसल्या. इथल्या एका मोठ्या इस्पितळात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात त्यांनी सगळी नोकरी काढली. तळहातावर मावतील, कातडीतून निळ्या शिरा दिसतील, अशी बाळं. हात ऊन करायची सवय तिथली. "गार हात लागला का एवढंसं लेकरू श्वास घ्यायचंच विसरून जाते," त्या सांगायच्या. "त्याले माय माहीत नाही, बाप माहीत नाही. त्याच्यासाठी जग म्हंजे हातच."

बोलणं सडेतोड. अनघाच्या बहिणीला मुलगी झाली, तेव्हा पाचवीची पूजा आम्ही इथून फोनवर पाहत होतो. बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, सटवाईनं येऊन नशीब लिहावं म्हणून. सिस्टर चहाला आल्या होत्या. त्यांच्या घरात भिंतीवर फक्त बुद्धाची तसबीर. देवी-बिवी त्यांना मान्य नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या, "जन्मभर मी पाचवीच्या राती ड्यूटीवर होती. नशीब लिहायले कोणी आलं नाही बाप्पा. मीच होती, अन् माह्या हाती चार्ट." अनघानं फोनचा आवाज घाईघाईनं बंद केला. तोवर ते पलीकडे सांगलीत सगळ्यांनी ऐकलं होतं.

आमचे घरमालक अबू सालिम शेजारीच राहतात. मागे त्यांची खजुराची बाग, बागेपलीकडे वादी, म्हणजे कोरडं नदीपात्र. ओमानी रिवाजाप्रमाणे ते माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून सिस्टरांना 'उम्म राहुल' म्हणायचे, राहुलची आई. मला ते 'मुहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनियर. मी सेल्समध्ये आहे हे सांगून झालं आहे, पण त्यांच्या मते टाय लावणारा प्रत्येक हिंदी माणूस इंजिनियरच असतो.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ झाला, घड्याळ मिळालं, आणि वर्ष संपता संपता त्यांचा इथला रहिवासही संपणार होता. डिसेंबरच्या मध्याचं तिकीट राहुलनं काढून पाठवलं. वरच्या दोन खोल्यांत कार्गोची खोकी रचली गेली. प्रत्येकावर जाड मार्करनं 'मेश्राम, नागपूर' लिहिलेलं. गल्फमधून घरी जाणारा माणूस जे जे नेतो ते सगळं त्यांत होतं: दुधाची भुकटी, बदाम, नॉनस्टिकची भांडी, आणि राहुलच्या छोट्या मुलासाठी हरणाचं चित्र असलेलं ते जाडजूड, केसाळ ब्लँकेट.

ऑक्टोबर संपत आला होता. एका शुक्रवारी सकाळी अबू सालिमनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. कुंपणापाशी साठलेला खजुरीच्या वाळक्या झावळ्यांचा ढीग ते हलवत होते आणि ढिगाखाली काहीतरी निघालं होतं. मी गेलो, पाठोपाठ ईरा आली. सुकलेल्या गवताच्या खळग्यात चार पिल्लं होती. लिंबाएवढी, राखी, अंगावर मऊसर काटे, लांबुडकी नाकं. डोळे नुकते उघडलेले. त्यांच्यावर मुंग्या फिरत होत्या.

मी जाणत्या सुरात म्हणालो, "साळिंदराची पिल्लं."

"बाबा, नो," ईरा म्हणाली. "साळिंदर मोठा असतो ना? हे हेजहॉग आहे."

"कुनफुद," अबू सालिम म्हणाले आणि तिघांत त्यांचंच बरोबर ठरलं, कारण बाग त्यांची होती. मग मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की, आदल्या दिवशी रस्त्यावर एक मोठी मादी गाडीखाली मेलेली पडली होती; ती यांची आई असणार. आता हीही जातील. त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यात निर्दयपणा नव्हता. पुष्कळ जनावरं पाळलेल्या माणसाचा शहाणपणा होता.

मी लगेच उपयोगी पडायचं ठरवलं. घरात धावलो, आपण चहात घालतो ते डब्यातलं घट्ट दूध चमच्यात घेतलं, गॅसवर कोमट केलं आणि परत आलो. गल्फमधल्या कोणत्याही हिंदी घरात दूध म्हटलं की हात त्याच डब्याकडे जातो. पण तोवर वरच्या गच्चीतून सिस्टरांनी पाहिलं होतं. त्या मॅक्सीवरच खाली आल्या, हात चोळत. माझ्या हातातला चमचा पाहून थबकल्या.

"चहा पाजून राहिले का त्याइले? मग खारी बी आणा सोबत."

मी चमचा मागे लपवला. त्या खाली बसल्या, एकेका पिल्लाला तळव्यावर घेतलं, पोटाला बोट लावलं. "बरफ झाले पोट्टे. गारठलेल्या पोटात दूध गेलं का तिथंच नासते. आधी ऊब, मग दूध. हे भिंतीवर लिहून ठेवा, भाऊ."

पाच मिनिटांत त्यांनी आमचं घर ताब्यात घेतलं. वर खोक्यांमुळे जागा नव्हती, म्हणून आमचा हॉल. नॉनस्टिकची भांडी जमिनीवर ओतून एक खोकं रिकामं झालं. खाली गरम पाण्याच्या बाटल्या, आणि त्यावर काय घालायचं म्हणून त्यांनी कात्री मागितली. अनघा कात्री घेऊन आली, तेव्हा नातवाचं ते कोरं ब्लँकेट जमिनीवर पसरलेलं होतं. अनघा म्हणाली, "अहो सिस्टर, आमची जुनी चादर देते ना." सिस्टरांनी सरळ हरणाच्या पायांमधून कात्री चालवली. "चादरीत ऊब नसते, नुसतं कापड असते," त्या म्हणाल्या. "नातवाले वरचं अर्ध पुरते. तो अजून कुठं एवढा लांब झाला?"

मग त्यांची नजर आमच्या एसीकडे गेली. मी काही बोलायच्या आत ईरानं तो बंद केला. मस्कतमधला तो ऑक्टोबर. त्या दिवाळीत आमच्या हॉलमध्ये एसी बंद, खिडक्या बंद, मी बनियनवर. फराळाला आलेले आमचे जनरल मॅनेजर रुमालानं मान पुसत मला म्हणाले, "आपलाच एसी आहे ना हा? सर्व्हिसला सांगू का?" मी कोपऱ्यातल्या, 'मेश्राम, नागपूर' लिहिलेल्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, चकलीचा तुकडा मोडला आणि पुढे माझ्या बढतीविषयी कधी बोलले नाहीत.

सिस्टरांचं काम मात्र पाहत राहावं असं होतं. अबू सालिमच्या शेळीचं दूध, त्यात पाणी, औषधाचा ड्रॉपर. पिल्लाला कधीही उताणं धरायचं नाही. पोटावर, मान किंचित वर. ओठाच्या कडेला एक थेंब. तो गिळला की दुसरा. आपण घाई केली तर दूध फुप्फुसात जातं, हे त्या सांगत नव्हत्या; त्यांचा हात घाई करतच नव्हता. पाजून झालं की कापसाचा ओला कोमट बोळा पोटाखालून फिरवायचा, म्हणजे पिल्लाला लघवी होते. आई जिभेनं करते ते काम. एरवी सिस्टरांच्या बोटांचे सांधे सुजलेले असायचे, बरणीचं झाकण उघडायला त्या मला बोलवायच्या. पण त्या इवल्या तोंडाशी आलं की तीच बोटं अशी चालायची की, ईरा टीव्ही सोडून समोर मांडी घालून बसायची. मीही बसायचो. मी देवळात फारसा जात नाही. पण देवळात जे व्हावं म्हणतात, ते मला त्या बंद खिडक्यांच्या हॉलमध्ये पुष्कळदा झालं.

नावं ठेवायला त्यांनी बंदी केली. ईरानं चारही नावं ठरवून ठेवली होती. "नाव घरी गेल्यावर ठेवतात बेटा. वॉर्डात बेड नंबर." म्हणून बेड एक, बेड दोन, असं. सगळ्यांत लहान, जे धड चोखायचंही नाही, ते बेड चार. ओळख पटावी म्हणून ईराच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका त्याच्या पाठीवरच्या काट्यांना लावला.

बेड दोन पहिल्याच आठवड्यात गेलं. ईरा हुंदके देऊन रडायला लागली. सिस्टरांनी ते कापसात गुंडाळून अबू सालिमकडे दिलं, हात धुतले, पुन्हा चोळले आणि तीन नंबर उचललं. त्यांचेही डोळे वाहत होते, पण ड्रॉपर हलत नव्हता. "रडाचं ना," त्या ईराला म्हणाल्या. "पण चालता चालता रडाचं. बाकीच्याइचं दूध थंड होऊन राहिलं."

नोव्हेंबरात पिल्लं रांगू लागली, काटे कडक झाले. तेव्हा अबू सालिमनी एक गोष्ट सांगितली. आमच्यासारख्यांसाठी इथला हिवाळा म्हणजे सहलीचा हंगाम. पण कुनफुदसाठी ते उपासाचे दिवस. गार वारा सुटला की किडे मातीत जातात. अंगावर चरबी असलेला कुनफुद झोपून दिवस काढतो. हडकुळा झोपतो तो उठत नाही. म्हणजे थंडी यायच्या आत ही जाडजूड होऊन स्वतःचं खाणं स्वतः शोधायला लागली पाहिजेत. आणि सिस्टरांचं विमानही त्याच सुमारास होतं. त्यानंतर त्यांना सांभाळणारं म्हणजे मी. हे वाक्य मनात आलं की सगळ्यांचे चेहरे पडायचे, माझा सर्वांत आधी.

"नागपूरच्या दोन संत्र्याइएवढं वजन पाहिजे एकेकाचं," सिस्टर म्हणाल्या. "तेवढं झालं का डिस्चार्ज."

मग खाणं बदललं. उकडलेलं अंडं, मांजराचं खाणं, आणि पक्ष्यांच्या दुकानातून आणलेल्या जिवंत अळ्या. अळ्या गार जागी ठेवाव्या लागतात. इथली मराठी घरं चक्का मिळत नाही म्हणून लबनेचं, म्हणजे अरबी घट्ट दह्याचं, श्रीखंड करतात. आमच्याकडेही लबनेचे रिकामे डबे जपून ठेवलेले असतात. एका दुपारी ऑफिसातून आलो, फ्रिज उघडला, दिवाळीचं उरलेलं श्रीखंड दिसलं म्हणून आनंदानं डबा घेतला आणि चमचा बुडवला. पुढचं मी सांगणार नाही. अनघा सांगते, प्रत्येक पाहुण्याला. ती शुद्ध शाकाहारी घरातली. पण तोवर ती चिमट्यानं अळ्या मोजल्यासारख्या वेगळ्या करायला शिकली होती. मला म्हणाली, "ओरडू नकोस, त्या घाबरतात."

बेड एक आणि तीन फुगू लागली. त्यांना अंगणात विटांचं कुंपण करून ठेवलं होतं. पालापाचोळ्यात नाक खुपसून ती किडे शोधायची. बेड चारही वाढलं, सर्वांत उशिरा, पण वाढलं. फक्त ते सिस्टरांच्या पावलाचा आवाज आला की धावत कडेला यायचं, त्यांच्या हातावर चढायचं, मनगटापाशी नाक लावून बसायचं. आम्हाला त्याचं केवढं कौतुक. मी फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले.

एका संध्याकाळी भिंतीवरून अबू सालिमची मांजर कुंपणात उतरली. बेड एक आणि तीनची क्षणात काटेरी चेंडूसारखी वेटोळी झाली. बेड चार उभं राहिलं, नाक वर केलं आणि तुरुतुरु तिच्याकडे चालत गेलं. मांजरीनं पंजा उचलला, तेव्हा सिस्टरांची चप्पल तिच्या कानाजवळून गेली. मांजर पळाली. बेड चार तिच्यामागे थोडं चाललंही.

आम्ही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि आपल्या हातांकडे पाहत राहिल्या.

"याले मी बिघडवलं," त्या म्हणाल्या. "दूध कमी प्यायचं म्हणून जास्ती वेळ हातात ठेवलं. वॉर्डात तसंच करतो ना आम्ही. जे कमजोर, त्याले जास्ती हात. पण ते लेकरू मायच्या कुशीत जाते. हे कुठं जाईन? बाहेर याच्याकडे जे बी येईन, ते याले खायलेच येईन."

मी म्हणालो की, मग आपणच ठेवू त्याला. घरातच राहील. ईराचा चेहरा उजळला.

"खोक्यात?" त्यांनी एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडे बर्फ आहे का?"

मी स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि बर्फ आणून दिला. त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत आत बुडवले. ते सुजलेले सांधे, त्यात ते पाणी. अनघा म्हणाली, सिस्टर, आम्ही करतो, तुम्ही नको. मीही बाही वर केली.

"तुमच्याच्यानं होत नाही. तुमचा हात त्याले माहीतच नाही, तर त्याले काय वाटणार? त्याचा भरोसा माह्या हातावर आहे. तो मलेच मोडा लागते."

हात पाण्यात होते. दुखणं चेहऱ्यावर येऊ नये म्हणून असेल, त्या बोलत राहिल्या. राहुल चार वर्षांचा असताना त्या पहिल्या मोठ्या सुट्टीवर घरी गेल्या. बॅग खाली ठेवली, हात पसरले, तर तो त्यांना पाहून आजीच्या लुगड्यामागे लपला. बाहेर यायलाच तयार नाही. "मी दोन दिवस जेवली नाही. माय म्हणे, अव्, परक्या बाईले पाहून लपून राहिला तो. म्हंजे शहाणा झाला. चांगला वाढवला मी त्याले. मले असा राग आला होता तिचा."

मग त्यांनी हात बाहेर काढले. लाल झाले होते. बेड चार कडेला येऊन वाट पाहतच होतं. त्यांनी तो गार हात त्याच्या पाठीवर नाही, उघड्या नाकावर ठेवला.

पिल्लू दचकलं. मागे सरकलं. आणि थोड्या वेळानं, काहीतरी चूक झाली असेल अशा विश्वासानं, पुन्हा पुढे आलं. त्यांनी पुन्हा हात ठेवला.

पुढे रोज संध्याकाळी हे चाललं. ईरा त्या वेळी आत निघून जायची. मला जावंसं वाटायचं, पण पातेलं धरायचं काम माझ्याकडे होतं. जन्मभर ज्या बाईनं थंड हातानं कधी टोमॅटोलाही हात लावला नाही, ती बर्फात हात बुडवून बसायची आणि जे एकच लेकरू तिच्याकडे धावत येतंय, त्याला घाबरवायची. खाणं आता अनघा चिमट्यानं पाचोळ्याखाली ठेवायची. सिस्टरांनी त्याला भरवणं सोडलं, बोलणं सोडलं. त्यांच्या पावलांचा आवाज झाला की ते आधी धावत यायचं; मग चालत यायला लागलं; मग जागच्या जागी थांबून नाक हलवायला लागलं. एका संध्याकाळी हात खाली येताच ते 'फुस्स' करून वेटोळं झालं. मी टाळी वाजवणार होतो. सिस्टरांकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. रात्री अनघानं त्यांच्या बोटांना तेल लावून दिलं.

तिकिटाच्या आधीच्या गुरुवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिघंही दोन संत्र्यांच्या वर गेली. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज आटोपून अबू सालिम आले. बागेच्या टोकाला, जिथून पुढे वादीचं गवत सुरू होतं, तिथे आम्ही खोकं नेलं आणि आडवं केलं. उजेड अजून होता. बेड तीन सरळ गवतात शिरलं, जसं काही तिथेच राहत होतं. बेड एक पाण्याच्या पाटापाशी थांबलं, काहीतरी मटकावलं आणि गेलं.

बेड चार बाहेर आलं आणि वळून सिस्टरांच्या चपलेपाशी आलं.

इतक्या दिवसांचं सगळं फुकट गेलं, असंच मला वाटलं. ईरानं माझा हात घट्ट धरला. त्यानं चपलेचा वास घेतला, अंगठ्याचा घेतला. सिस्टर हळूहळू खाली वाकल्या. त्या दिवशी बर्फ आणलेला नव्हता. त्यांनी नुसता हात पुढे केला. तो ऊन होता की गार, मला माहीत नाही. त्यांनाही ठाऊक असेल असं वाटत नाही. हात अर्ध्यावर असतानाच बेड चारचे सगळे काटे उभे राहिले, नाक आत गेलं, पाय आत गेले, आणि त्यांच्या पायाशी एक घट्ट मिटलेला चेंडू उरला.

त्यांनी हात तसाच हवेत ठेवला. लावला नाही. मग मागे घेतला.

"हाव, बराबर," त्या म्हणाल्या.

अबू सालिम हळूच म्हणाले, "खलास, उम्म राहुल." मग आम्हा सगळ्यांना त्यांनी खुणेनं मागे घेतलं. सिस्टर मात्र उलट्या पावलांनी, पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे आल्या. चेंडू बराच वेळ हलला नाही. अंधारायला लागलं, तेव्हा आधी नाक दिसलं, मग पाय. त्यानं चारी बाजूंचा वास घेतला आणि आमच्या विरुद्ध दिशेला निघून गेलं. जाताना घाईत होतं.

मी आयुष्यात मोठी माणसं पाहिलेली नाहीत असं नाही. कंपनीच्या वार्षिक समारंभात दर वर्षी एक तरी असतो, आम्ही उभं राहून टाळ्या वाजवतो. पण कुणी आपल्याला घाबरून पळून जातंय आणि ते पाहून एखाद्याच्या चेहऱ्यावर असं काही उमटावं, हे मी त्या एकदाच पाहिलं. त्याला काय म्हणतात, मला अजून कळलेलं नाही.

नॉनस्टिकची भांडी पुन्हा त्याच खोक्यात गेली. विमानतळावर सिस्टरांनी अनघाला सूचना दिल्या, ईराला मराठी वाचत जा म्हणाल्या, मला ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घ्या म्हणाल्या. पिल्लांचं नावही काढलं नाही. आत जाताना ट्रॉलीचं चाक अडकलं तेवढं त्या थांबल्या, मग गेल्या.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला. मस्कतकरांनी स्वेटरं काढली. मी एका सकाळी मागच्या नळाची गळती पाहायला बागेच्या भिंतीपाशी गेलो होतो. अबू सालिमनी झावळ्यांचा नवा ढीग या वेळी मुद्दामच हलवला नव्हता. एक झावळी नळाच्या आड येत होती म्हणून मी ती उचलली, आणि खालून असं काही 'फुस्स' आलं की मी मागे उडालो आणि नळाच्या तोटीवर डोकं आपटलं. पाचोळ्यात गोल, गुबगुबीत, काट्यांचा गोळा होता. पाठीवर अर्धवट झिजलेला लाल ठिपका.

आमच्या घरात मला घाबरणारं कुणी नाही. ऑफिसात तर नाहीच. मी डोकं चोळत तिथेच उकिडवा बसलो आणि नागपूरला फोन लावला. मागे नातू रडत होता, कुकरची शिट्टी होत होती. मी सगळं सांगितलं. ठिपका सांगितला, केवढं झालंय ते सांगितलं, हात लावला नाही हेही सांगितलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, नातू आणि कुकर लांब गेले.

"कसं केलं त्यानं?" सिस्टरांनी विचारलं.

मी तोंडानं तो आवाज काढून दाखवला. भिंतीपलीकडून अबू सालिम डोकं वर काढून माझ्याकडे पाहायला लागले.

"नीट ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "अजून एकदा करा."

मी पुन्हा केलं.